विक्रमानंतर काय?

– एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

चाळीस छर्रे झाडायचे. प्रत्येक छर्रा दहा गुणांच्या बिंदूला लागला तर चारशे गुण. त्याहून एकही गुण अधिक मिळणे शक्य नाही. हा बिंदू केवढा असतो? १० मीटर एअर रायफल या प्रकारात तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. आपल्या वावरातला ज्वारीचा दाणा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. अशा त्या बिंदूला दहा मीटरवरून, उभ्याने, पाच-साडेपाच किलोंची बंदूक खांद्याशी धरून, एकदा नव्हे तर ओळीने चाळीस वेळा छर्रा लावायचा. २००४ साली मलेशियात क्वालालंपूर येथे झालेल्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूर यांनी हे केले. ४०० पैकी ४०० गुण! विश्वविक्रमाशी ती बरोबरी होती, आणि ती मोडून पुढे जाण्याची वाट त्यांना स्वतःलाही शिल्लक नव्हती.

मित्र-मैत्रिणींनो, क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असलेले आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. सुमा शिरूर हे नाव त्यांतील कितीजणांना ठाऊक आहे? मी मैत्रिणींना विचारले तेव्हा एकीनेही ओळख दाखवली नाही. त्याबद्दल त्यांना दोष देण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाने आपल्या क्षेत्रातील शेवटची पायरी गाठली, त्याने त्यानंतर काय करावे? आणि ज्या समाजातून तो माणूस वर गेला, त्या समाजाने त्याचे काय करावे? हा प्रश्न दिसायला ऑलिंपिकचा आहे. पण थोडा विचार केला तर तो आपल्या जिवतीच्या डोंगरावरचाही आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम त्यांच्या कारकिर्दीकडे पाहू. सुमाताईंचा जन्म १९७४ साली कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरचा. पुढे त्या पनवेलला स्थायिक झाल्या. संजय चक्रवर्ती नावाचे एक प्रशिक्षक मुंबईत नेमबाजी शिकवीत. त्यांच्या हाताखाली अंजली भागवत, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे अशा तिघीजणी तयार झाल्या. यांपैकी अंजलीताईंची रायफलशी ओळख कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना एनसीसीमुळे झाली, हे आपल्यासारख्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंजलीताई आणि सुमाताई यांनी जोडीने सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या तिघींच्या संघाने रौप्यपदक आणले. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकला तिघीही गेल्या. एका गुरूच्या तीन शिष्या एकाच ऑलिंपिकमध्ये, ही गोष्ट साधी नाही. सुमाताई तेथे अंतिम फेरीत पोहोचल्या आणि आठव्या आल्या. त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पदकांची ही यादी येथेच संपली असती तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ वाढली असती, एवढेच. पण पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. खेळाचे नियमच बदलले. २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीत पूर्ण गुणांऐवजी दशांशात गुण मोजू लागले. पूर्वीचा दहा आता १०.० पासून १०.९ पर्यंत काहीही असू शकतो. पुढे २०१८ पासून महिलांच्या छर्र्यांची संख्या चाळीसवरून साठ झाली. म्हणजे ज्या परीक्षेत सुमाताईंनी पैकीच्या पैकी गुण मिळवले, ती परीक्षाच बंद पडली! आज कोणी मुलगी चारशेपैकी चारशे मिळवण्याचे स्वप्न पाहू म्हणेल तर तिला तशी स्पर्धाच सापडणार नाही.

विक्रमाचे आयुष्य किती असते याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. बहुतेक विक्रम दुसरा कोणी मोडतो. हा विक्रम कोणी मोडू शकत नव्हते, तर तो नियमाच्या एका कागदाने जुना केला. माणसाने आयुष्यभर घाम गाळून मिळवलेला आकडा असा एका दिवसात कपाटात जातो. मग उरते काय?

उरते ते हातातले ज्ञान. श्वास कोठे थांबवावा, बोट कितपत दाबावे, एक छर्रा बिघडला तर तो मनातून काढून पुढच्या छर्र्याकडे कसे वळावे, हे ज्ञान कोणत्याही नियमाने जुने होत नाही. मात्र त्याला एक अट आहे. ते दुसऱ्याला दिले तरच राहते. दिले नाही तर धन्याबरोबर जाते.

सुमाताईंनी ते दिले. पनवेलला त्यांनी ‘लक्ष्य’ हा नेमबाजी क्लब काढला आणि मुले-मुली शिकवायला घेतल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली अवनी लेखरा ही जयपूरची मुलगी. २०१२ साली मोटार अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तिचे चालणे थांबले. ३० ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो पॅरालिंपिकमध्ये तिने २४९.६ गुणांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तीन वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, पॅरिसमध्ये तिने २४९.७ गुण मिळवून पुन्हा सुवर्ण आणले. स्वतःचेच गुण तिने दशांश एकने मागे टाकले!

आता यातली खरी मेख पाहा. सुमाताईंनी आयुष्यभर उभे राहून नेम धरला. नेमबाजाचा सारा तोल पावलांतून येतो. अवनी बसून नेम धरते. पायांचा आधार तिला नाही. तेव्हा मी जसे केले तसे तू कर, असे सांगणारा गुरू येथे निरुपयोगी ठरला असता. आपल्या शरीराने शिकलेली विद्या बाजूला ठेवून समोरच्याच्या शरीरातून ती पुन्हा नव्याने शोधणे, हे काम येथे करावे लागते. चारशेपैकी चारशे मिळवण्यापेक्षा ते सोपे असेल असे मला वाटत नाही. २०२२ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार सुमाताईंना दिव्यांगांच्या नेमबाजीतील या प्रशिक्षणासाठी मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता.

त्यांच्या सहकारी दीपाली देशपांडे यांचीही वाट हीच. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तेथला स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी शिकला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. दीपालीताईंनी त्याला घडवले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. ऑलिंपिकमध्ये दीपालीताईंना स्वतःला जे मिळाले नाही, ते त्यांच्या शिष्याच्या गळ्यात पडले. २०२४ सालचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांनाही मिळाला.

आणि ज्यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली ते संजय चक्रवर्ती सर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. अवनीचे पहिले सुवर्ण त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी आले. ते पाहायला सर नव्हते. पण त्यांनी एकीला शिकवले, तिने दुसरीला शिकवले, आणि पदक तिसऱ्या पिढीच्या गळ्यात पडले. असा हिशेब मांडला की विक्रमाचा आकडा लहान वाटू लागतो.

येथे कोणी म्हणेल, मोठा खेळाडू मोठा शिक्षक होतोच असे नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. उलटही खरे आहे. मोठा शिक्षक होण्यासाठी मोठा खेळाडू असावेच लागते असेही नाही. रमाकांत आचरेकर सर आयुष्यात केवळ एक प्रथम दर्जाचा सामना खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन तेंडुलकर घडवला. त्यांचेच दुसरे शिष्य चंद्रकांत पंडित हे पुढे आपल्या विदर्भाचे प्रशिक्षक झाले. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला सहा दशके करंडक मिळाला नव्हता. पंडितांच्या हाताखाली तो २०१७-१८ साली मिळाला आणि २०१८-१९ साली पुन्हा मिळाला. विदर्भाचा संघ हिणवण्याचा विषय होता, तो सलग दोनदा अजिंक्य ठरला. खेळाडू पूर्वीही होतेच. मिळाला तो शिकवणारा.

तेव्हा शिकवणे ही खेळून उरलेल्यांची सोय नाही. ती स्वतंत्र विद्या आहे. काहींना ती विक्रमानंतर साधते, काहींना विक्रमाशिवाय साधते. समाजाने पाहायचे ते एवढेच, की ज्याच्यापाशी ती आहे त्याच्यासमोर विद्यार्थी उभे करायचे.

आता मी आपल्या डोंगराकडे वळते.

माणिकगडच्या या पठारावर कोलाम आहेत, गोंड आहेत, बंजारा आहेत, दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबे आहेत. चढ-उतार चालून, डोक्यावरून पाणी वाहून, रात्री मचाणावर जागल करून येथल्या मुला-मुलींची शरीरे लहानपणीच घट्ट होतात. त्यांच्यात धाव आहे, दम आहे, नेम आहे. पुरावा हवा असेल तर मे २०१८ आठवावा. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले. कौतुक व्हायलाच हवे होते. पण मला एक विचारायचे आहे. त्या मुलांनी बर्फात जे शिकले ते आपल्या डोंगरातल्या लहानग्यांना सांगावे, यासाठी आपण त्यांना कोठे जागा दिली? सत्कार आपण केला. वर्ग भरवला का?

आपल्याकडे खेळाडूचे आयुष्य साधारणपणे कसे असते ते सर्वांना ठाऊक आहे. शाळेत तो तालुक्याला जातो, जिल्ह्याला जातो. महाविद्यालयात आला की गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेवढ्यात पोलीस भरती येते, वनरक्षकाची भरती येते. मग सारा खेळ त्या भरतीपुरता उरतो. जो लागला तो गाव सोडतो. जो लागला नाही तो वावरात जातो. दोघांचेही मैदान सुटते. पाठीमागून येणारा मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवरून, एकट्याने, चुकत-माकत सुरुवात करतो. दर पाच वर्षांनी आपण शून्यावर येतो.

भरतीला मी नावे ठेवत नाही. घरात एक पगार आला की काय बदलते हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. मला खंत आहे ती पुढची साखळी तुटते याची.

माझी थोरली बहीण आठशे मीटर धावत असे. विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत ती गेली. भरतीला दोनदा उतरली, दोन्ही वेळा थोड्या गुणांनी राहिली. आता दिवसा ती आईबरोबर कापसाच्या वावरात असते. पण पहाटे पाच वाजता गावातल्या सात मुली आमच्या दारात येतात. ताई त्यांना डांबरी रस्त्यावर नेते. आठशे मीटरला पहिल्या दोनशेत दम कसा राखायचा, शंभर मीटरला सुटताना पाय कोठे रोवायचा, हे सांगते. गोळाफेकीसाठी लोखंडी गोळा नाही, म्हणून तिने ओढ्यातला एक गोटा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणला आहे, बरोबर चार किलोंचा. मागच्या भरतीत तिच्या मुलींपैकी दोघी लागल्या. त्या दोघींचा गावात सत्कार झाला. ताई मागे दोरीजवळ उभी होती. त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, “जी स्वतः लागली नाही, ती दुसऱ्याला काय शिकवणार?”

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्या बाईंवर माझा राग नाही, कारण आपण सर्वच असा विचार करतो. आपल्या मोजमापात दोनच खुणा आहेत, लागला आणि राहिला. आचरेकर सरांना या मापाने मोजले तर ते राहिलेले ठरतील. दीपालीताईंच्या ऑलिंपिकला या मापाने मोजले तर पदकाचा रकाना कोरा दिसेल. ज्या मापात आचरेकर बसत नाहीत ते मापच चुकीचे आहे असे मी म्हणेन.

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या भागात बोलल्याशिवाय राहवत नाही. १९८५ पासून उत्कृष्ट प्रशिक्षकांना जो पुरस्कार देतात त्याला द्रोणाचार्यांचे नाव आहे. आम्हा रानातल्या मुलांना द्रोणाचार्य म्हटले की एकलव्य आठवतो. निषादांच्या त्या मुलाला गुरूने शिकवले नाही. त्याने मातीचा पुतळा केला आणि त्याच्यापुढे एकट्याने सराव केला. शिकला तर अंगठा द्यावा लागला. कथेचा अर्थ कोणी कसाही लावो. मला त्यात आजची आमची स्थिती दिसते. आमची पोरे आजही पुतळ्यापुढेच सराव करतात. फक्त पुतळा मातीचा न राहता मोबाईलच्या पडद्यावरचा झाला आहे. पडद्यावरचा गुरू धावून दाखवतो, पण तुझी टाच चुकीची पडते आहे हे सांगत नाही. ते सांगायला जिवंत माणूसच लागतो. आणि तो माणूस दूरच्या शहरातून बदलीवर आलेला, परतीच्या एसटीकडे डोळे लावून बसलेला असून चालत नाही. तो येथल्या चढावर धावलेला, येथल्या बोलीत रागावणारा हवा. सुमाताईंनी एका बसून खेळणाऱ्या मुलीसाठी आपली विद्या नव्याने मांडली. येथल्या मुलांसाठी ती मांडायला येथलेच कोणी पुढे यायला हवे.

मैदाने हवीत, साहित्य हवे, हे सारे म्हणतातच, मीही म्हणते. पण मैदान बांधून झाल्यावर त्यावर सकाळी सहा वाजता शिटी वाजवणारे कोणी नसेल तर तेथे गुरेच चरतात. म्हणून मी शासनाकडे काही मागण्यापूर्वी आपल्याच महाविद्यालयाकडे तीन लहान गोष्टी मागते.

पहिली गोष्ट, आपल्या माजी खेळाडूंची एक नोंदवही असावी. कोण कोणता खेळ कोणत्या पातळीपर्यंत खेळला आणि आज कोणत्या गावी आहे, एवढेच तीत लिहावे. ज्यांना शिकवण्याची इच्छा आहे त्यांना आठवड्यातून दोन सकाळी मैदान आणि साहित्य वापरू द्यावे. याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. दरवर्षी निदान एका माजी खेळाडूला, शक्यतो एखाद्या मुलीला, तेथे जाण्यासाठी आपण वर्गणीतून मदत करावी. स्नेहसंमेलनाच्या मांडवावर जो खर्च होतो त्यातून थोडा वाचवला तरी प्रवासखर्च निघेल. तिने परत येऊन आपल्या खेळाडूंना दोन वर्षे शिकवावे, एवढीच अट असावी.

तिसरी गोष्ट या अंकाच्या संपादक मंडळाला सांगायची आहे. दरवर्षी आपण या पानांवर विजेत्यांची छायाचित्रे छापतो. त्या छायाचित्राखाली विजेत्याच्या नावाबरोबर त्याला शिकवणाऱ्याचेही नाव छापावे. तो प्राध्यापक असो, वनरक्षक असो, की पहाटे रस्त्यावर मुलींना धावायला नेणारी एखादी शेतकरीण असो. एक ओळ अधिक लागेल.

प्राध्यापकांपैकी कोणाला हे भावनेच्या भरात लिहिलेले वाटेल. पण यात व्यवहारही आहे. एक विजेता आपल्याला एक चषक देतो. एक शिकवणारा वीस वर्षे मैदानावर राहिला तर किती पिढ्या त्याच्या हाताखालून जातील? गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. सर्वांत चांगले कणीस तो खात नाही, बियाण्यासाठी राखून ठेवतो. आपण मात्र आपली चांगली कणसे बाजारात पाठवतो नाहीतर पावसात कुजू देतो.

सुमा शिरूर यांच्या चारशे गुणांची परीक्षा आज कोठेही होत नाही. त्यांनी अवनीला शिकवलेला श्वास मात्र २०२१ मध्ये टोकियोत कामी आला आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्येही कामी आला. आमच्या गावातल्या सात मुलींपैकी पाच जणींची भरती अजून व्हायची आहे. पुढच्या अंकात त्यांच्यापैकी कोणाचे छायाचित्र आलेच, तर खाली दोन नावे असतील अशी आशा मी बाळगते.